गोरा साप दाखवा

टोरोंटोजवळच्या मिल्टन गावात मी नेमकी कसली नोकरी करते, हे माझ्या आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. 'दुकानात आहे' एवढंच सांगत असे. 'कसलं गं दुकान?' 'पाळीव प्राण्यांचं.' तिच्या डोळ्यांपुढे पोपट आणि कुत्र्याची गोंडस पिल्लं यायची आणि ती समाधानानं फोन ठेवायची. पोपट दुकानात होते, पिल्लंही होती. मी मात्र या सगळ्यांच्या मागे, काचेच्या पेट्या लावलेल्या एका गरम खोलीत असे. साप, सरडे, कासवं आणि मी. कॅनडाच्या हिवाळ्यात पगार घेऊन उबेत बसायला मिळतं म्हणून मला तर ती जागा फारच आवडायची.

लग्नाआधीपासून मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. नवऱ्याला टोरोंटोत सॉफ्टवेअरचं काम मिळालं, घर मिल्टनला परवडलं, आणि मी घरात बसून भिंती मोजायला लागले. म्हणून या दुकानात अर्ज टाकला. मॅनेजर ग्रेगनं विचारलं, "रेप्टाइल्सचा तुला काही प्रॉब्लेम नाही ना?" इंटरव्ह्यूत कशालाही नाही म्हणायचं नाही, हे मला इथल्या मराठी मैत्रिणींनी पढवून ठेवलं होतं. मी छातीठोकपणे म्हटलं, "नो प्रॉब्लेम." फॉर्मालिनच्या बाटलीतले साप मी आयुष्यभर हाताळले होते. जिवंत एकही नाही. पण तसं काही त्यानं विचारलं नव्हतं, आणि न विचारलेली माहिती द्यायची मला सवय नाही.

पहिल्या दिवशी ग्रेगनं माझ्या हातात ठेवला तो कॉर्न स्नेक. पोटाखाली मक्याच्या कणसासारखी काळी-पांढरी चौकटनक्षी असते, म्हणून कॉर्न. आपल्या धामणीच्या नात्यातला. विष नाही, फणा नाही, स्वभावाला गरीब. हातात घेतला की बोटांमधून वाट काढत शांतपणे फिरतो. मी डोळे मिटून उभी होते. ग्रेगला वाटलं, मी प्रार्थना करतेय. तो आदरानं दोन पावलं मागे सरला, आणि तेव्हापासून दुकानात अशी बातमी पसरली की भारतीय बाई सापांना आशीर्वाद देते. ती बातमी मी कधीही खोडून काढली नाही.

आता थोडी शाळा घेते, कारण पुढची गोष्ट रंगाचीच आहे. साधा कॉर्न स्नेक नारिंगी असतो, पाठीवर तांबडे पट्टे आणि पट्ट्यांना काळी किनार. त्याच्या अंगात मुख्यतः काळा रंग आणि तांबडा रंग असतो असं समजा. एखाद्याच्या अंगात काळा रंग तयारच होत नाही. मग तो लालभडक-केशरी दिसतो, डोळेही लाल. एखाद्यात तांबडा होत नाही. मग उरतो राखाडी-काळा. दोन्ही नसले की पांढरा साप, त्याला 'स्नो' म्हणतात. फोडणीतून कधी तिखट वगळलं, कधी मोहरी वगळली, कधी दोन्ही, इतकाच तो प्रकार. जांभळट, लोण्यासारखे, कॅरॅमलसारखे असे आणखीही खूप असतात, पण साप तोच. तसाच खातो, तसाच झोपतो, गोरा झाला म्हणून जास्त शहाणा होत नाही.

आणि रंग टिकत नाही. पिल्लू बघून मोठेपणीचा साप ओळखणं मला इतक्या वर्षांनंतरही छातीवर हात ठेवून जमायचं नाही. जांभळट होणारं पिल्लू लहानपणी सरळ राखाडी दिसतं. पांढऱ्याशुभ्र पिल्लाला वाढता वाढता पिवळी झाक येते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायची, रंग शेवटी बघा. आधी विचारा, खातो का? ओळीनं जेवणं नीट घेतलेलं पिल्लू घ्या. सुंदर आणि उपाशी पिल्लू घेऊन गेलात तर रडत परत याल.

कुणी ऐकत नसे. गोरे लोक निदान पेटीपाशी उभे राहून गोंधळायचे तरी. आपली माणसं मात्र ठाम. आपली माणसं साप बघायला येतच नसत, स्थळ बघायला येत. "हा जरा सावळा वाटतो, नाही?" "याचे डोळे घारे आहेत का हो?" "वेबसाइटवर उजळ दिसत होता." एका बाईंनी तर मला आईवडिलांचे फोटो मागितले. सापाच्या. पुण्याचे एक इंजिनिअर गृहस्थ लाल नर आणि राखाडी मादी घेऊन गेले. दोन रंग एकत्र आले की गुलाबी पिल्लं होणार असा त्यांचा हिशेब. अंडी फुटली आणि सगळी पिल्लं निघाली साधी, नारिंगी. गृहस्थ तावातावानं आले, "ताई, यात बग आहे!" मी म्हटलं, "बग नाही. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे, म्हणून पिल्लांना सगळंच मिळालं. लपलेलं पुढच्या पिढीत निघेल." ते म्हणाले, "म्हणजे नातवंडांची वाट बघू?" मी म्हटलं, "आता तुम्ही खरे आजोबा झालात."

पांढऱ्यांना मागणी सगळ्यात जास्त, आणि परत येणारेही तेच जास्त. पिवळट व्हायला लागले की लोकांचा जीव त्यांच्यावरून उडायचा. 'आम्हाला पांढरा म्हणून दिला होता' म्हणत पेटीसकट आणून ठेवायचे. तीन वर्षं घरात राहिलेला साप परत करताना त्यांना काहीच कसं वाटत नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटे आणि आजही वाटतं.

अशात एके दिवशी वैशाली आली. वैशाली नाशिकची, आमच्याच नव्या वसाहतीत राहणारी. नवरा प्रसाद टोरोंटोत बँकेत, सकाळच्या ट्रेननं जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. सोबत मुलगी सानिका, सातवीतली, हुशार, सावळी, आणि आईपेक्षा अर्धा हात उंच व्हायच्या बेतात. वैशालीला कुत्र्यामांजरांच्या केसांनी शिंका येत. सानिकाला तर काहीतरी पाळायचंच होतं. केस नसलेला प्राणी कोणता, यावर घरात महिनाभर खल होऊन शेवटी गाडी माझ्या खोलीशी येऊन थांबली होती.

वैशाली दारातूनच म्हणाली, "ताई, मी आत येणार नाही. तुम्ही गोरा साप दाखवा, आम्ही घेऊन जातो."

सानिका तोपर्यंत पेट्यांपाशी पोचली होती. पांढऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. कोपऱ्यातल्या पेटीत एक राखाडी-काळी मादी होती, पेन्सिलीएवढी. कित्येक दिवस तिला कुणी विचारलं नव्हतं. जेवायला मात्र पहिला नंबर. मी ती सानिकाच्या हातात दिली. ती पोरीच्या मनगटाभोवती फिरली आणि तिथंच बांगडीसारखी बसली.

"काकू, धिस वन," सानिका म्हणाली. "शी इज परफेक्ट."

"अगं, काळी आहे ती," वैशाली दारातून. "पांढरी घे ना, किती गोड दिसतात. ताई, ही मोठी झाल्यावर उजळेल का हो?"

सानिका तिच्याकडे न वळताच म्हणाली, "आई, यू आस्क एव्हरीवन दॅट. अबाउट मी."

 वैशालीचा चेहरा पडला. धंद्याच्या दृष्टीनं मी 'थोडा फरक पडतो हं' म्हणायला हवं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण मला राग आला होता. मी म्हटलं, "नाही. गळ्यापाशी जरा पिवळसर होईल. बाकी आहे ती अशीच राहणार."

"मग पांढरी घे, नाहीतर राहू दे," वैशाली म्हणाली. सानिकानं ते पिल्लू माझ्या हातात परत दिलं आणि दोघी गेल्या.

पुढच्या शनिवारी सानिका आली. आई शेजारी ग्रोसरी करत होती. "काकू, कॅन आय होल्ड हर?" त्यापुढच्या शनिवारी पुन्हा. मध्ये एक माणूस त्याच पिल्लाची चौकशी करून गेला. इतके दिवस कुणाला आठवण नव्हती, आणि आता बरी झाली! मी त्याला मोठ्या निष्ठेनं सापाऐवजी सरडा विकला. मग पेटीवर 'विकली गेली आहे' अशी चिठ्ठी लावून मी प्रसादला फोन केला. म्हटलं, "हे बघा, वैशालीशी तुमचं काय ते तुम्ही बघा. पण तुमची पोरगी दर शनिवारी माझ्याकडे येऊन एका सापापाशी बोलते. घरी बोलते का?" दुसऱ्या दिवशी तो स्टेशनवरून थेट दुकानात आला, टाय सैल करून, आणि पेटी, दिवा, गरम राहणारी गादी, सगळं गाडीत घालून घेऊन गेला.

सानिकाला तिचं नाव पेपर ठेवायचं होतं. मी म्हटलं, आपल्यात त्याला मिरी म्हणतात. तिला ते जास्त आवडलं.

मिरी बेसमेंटमध्ये राहायला गेली आणि वैशालीनं जाहीर केलं की ती आता बेसमेंटची पायरी उतरणार नाही. वॉशिंग मशीन बेसमेंटमध्ये होतं. त्यामुळे प्रसाद कपडे धुवायला शिकला. एका सापानं त्या घरात एवढी क्रांती केली.

आणि मग वैशालीचे मला दुकानात फोन सुरू झाले. सगळे गुपचूप, दुपारी, घरात कुणी नसताना. "ताई, ती हलत नाहीये." झोपली असेल. "ताई, ती माझ्याकडे बघतेय." तिला पापण्याच नाहीत, ती सगळ्यांकडेच बघते. मला आत कुठेतरी शंका आली की पायरीही न उतरणाऱ्या बाईला हे कसं दिसतं? पण मी विचारलं नाही.

एक दिवस फोन आला तो आनंदानं थरथरतच. "ताई! ती उजळायला लागली!"

"कोण?"

"मिरी! खरंच सांगते. अंग कसं फिक्कट, दुधाळ झालंय. आणि डोळे, ताई, डोळे निळे! मी सांगत नव्हते?" मग आवाज खाली आणून, "मी पाण्यात रोज चिमूटभर हळद टाकत होते. कुणाला बोलू नका."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि पोट धरून हसले. ग्रेग धावत आला. त्याला सांगावं तरी काय? गोरं होण्यासाठी हळद, हे त्याला समजवायला मला आधी पाच हजार वर्षांची संस्कृती समजवावी लागली असती. फोन पुन्हा उचलून मी म्हटलं, "वैशाली, ती कात टाकणार आहे. त्याआधी साप असेच फिके दिसतात, डोळ्यांवर साय येते. हळद बंद कर. पाणी साधं ठेव. आणि आठवडाभर तिला हात लावू नका."

"म्हणजे उजळणार नाही?"

"कात टाकल्यावर बघ काय होतं ते."

आठवड्यानं मिरीनं कात टाकली आणि बाहेर आली ती पूर्वीपेक्षा काळी, नव्या पॉलिश केलेल्या बुटासारखी चकचकीत. सानिका अख्खी कात घेऊन मला दाखवायला आली. मागे वैशाली होती, दारात. "हळद फुकट गेली," एवढंच म्हणाली. सानिकानं चमकून विचारलं, "व्हॉट हळद?" आणि आम्ही दोघींनी एकदम मांजरांच्या खाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

हसण्यावारी गेलं खरं, पण सानिका हसत नव्हती. ती मूर्ख थोडीच होती. घरात तिच्या आंघोळीच्या पाण्याशेजारी मसुरीचं पीठ आणि दुधाची साय कधीपासून ठेवलेली असते, ते तिला माहीत होतं. एका शनिवारी तिनं मला विचारलं होतं, "काकू, इफ आय वॉज इन अ टँक, वुड माय मॉम पिक मी?" मी तिला काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं ते आठवत नाही, कारण ते काही कामाचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात एकदा रात्रभर बर्फाचा पाऊस पडला. पाऊस म्हणून येतो आणि जिथं पडेल तिथं काच होतो, तसला. सकाळी झाडं मोडून तारांवर पडली आणि आमच्या भागातली वीज गेली. दुकान मोठ्या रस्त्यावर, तिथली वीज शाबूत होती. मी कशीबशी पोचून पेट्यांचं तापमान बघत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. वैशाली.

"ताई, घर गार पडलंय. प्रसाद टोरोंटोत अडकलाय, ट्रेन बंद. सानिका शाळेत आहे. मी खाली गेले होते. मिरीची गादी थंड आहे, ताई. ती अगदी गोळा होऊन बसलीय."

"घाबरू नकोस. गारठ्यात साप सुस्त होतात, लगेच काही होत नाही. शेवटचं जेवण कधी?"

"काल. सानिकानं दिलं."

आता मी घाबरले. साप बाहेरच्या उबेवर जेवण पचवतो. पोटात उंदीर असताना अंग गार पडलं तर तो पचत नाही, आत सडतो. उपाशी मिरी आरामात दिवस काढू शकली असती, जेवलेली नाही. त्या निसरड्या रस्त्यांवरून मला तिथं पोचणं शक्य नव्हतं.

"वैशाली, ऐक. स्वच्छ उशीचा अभ्रा घे. तिला हळूच, दोन्ही हातांनी उचल. जोरात हलवायचं नाही, नाहीतर ती जेवण बाहेर टाकेल. अभ्र्यात ठेव, तोंडाला गाठ मार. आणि तुझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरून बस. घरात दुसरं गरम काही नाही."

 

"मी?" वैशाली म्हणाली.

"तूच आहेस तिथं."

पायऱ्यांचा आवाज आला. झाकण सरकल्याचा आला. मग वैशालीचं रामरक्षा म्हणणं ऐकू आलं, मधल्या ओळी गाळत. मग खूप वेळानं, "घेतली. ताई, घेतली. किती गार आहे हो. बर्फासारखी. आणि एवढी मऊ."

"आता सोफ्यावर पांघरूण घेऊन बस. हलू नकोस. मी फोनवर आहे. बोलत राहा."

ती बोलत राहिली. आधी भीतीनं, वाटेल ते. भाजी करायची राहिली, खिडकीला आतून बर्फ धरलाय. मग आवाज संथ झाला. तिला बघायला आलेल्या पहिल्या तिघांनी रंगावरून नाही म्हटलं, म्हणाली. चौथा प्रसाद. सासूबाई लग्नात म्हणाल्या होत्या, नातवंडं तरी उजळ होऊ देत.

"सानिका झाली ना ताई, तेव्हा नर्सनं तिला गुंडाळून आणली. मी काय विचारलं माहितीये? वजन नाही, रडली का ते नाही. विचारलं, रंग कसा आहे. ती नर्स जमैकाची होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं... आणि म्हणाली, हर कलर इज वॉर्म. टेक हर. मी आधी दुपट्यातून चेहरा उघडून बघितला, मगच घेतली."

ती रडत होती. मी माझ्या खोलीत, सगळ्या पेट्यांच्या मधोमध उभी होते आणि माझेही डोळे भरून आले होते.

"ताई, ती हलली," वैशाली एकदम म्हणाली. "पोटाशी हलली. गरम झालीय. अगदी तशी हलली हो, सानिका पोटात असताना..."

दार उघडल्याचा आवाज आला. बूट आपटल्याचा. शाळा लवकर सोडली होती. पावलं धावत बेसमेंटमध्ये उतरली आणि तशीच वर आली. सानिका धापा टाकत होती.

"व्हाय आर यू क्राइंग? आई? टँक रिकामा... इज शी डेड?"

"नाही गं. ही बघ, इथं आहे. माझ्यापाशी. हळू ये, तिला हलवायचं नाही."

"यू आर होल्डिंग हर?"

"कधीची धरून बसलेय." मग, "सानू, तू झालीस तेव्हा मी तुला आधी असं घ्यायला पाहिजे होतं. मी आधी रंग बघितला. चुकलं माझं. फार चुकलं."

 मग पाठीवरचं दप्तर खाली पडल्याचा आवाज, पांघरुणाची सळसळ, आणि सानिकाचा आवाज, अगदी फोनजवळ.

"मूव्ह ओव्हर, आई. आय अ‍ॅम कोल्ड टू."

फोन बंद करायचं दोघींच्याही लक्षात नव्हतं. मीच बंद केला.